कर्जाच्या घरातली शांत झोप

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, चित्रकलेचे मास्तर आहात तर एखाद्या मोठ्या चित्रकारावरच लिहा, असं सेक्रेटरीसाहेबांनी जिन्यात गाठून सांगितलं, तेव्हा मला दुसरं कुणाचं नाव सुचलंच नाही. कारण आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वरच्या भिंतीवर एक लहानसं चित्र लावलेलं आहे. एका जुन्या पुस्तकातलं पान फ्रेम करून घेतलेलं. एक बाई हातावर डोकं टेकून झोपली आहे, एवढंच. रंग नाहीत, फक्त तपकिरी शाई. या पंचवीस वर्षांत आमच्याकडे आलेल्या जवळजवळ प्रत्येकानं, गणपतीची वर्गणी मागायला येणाऱ्या मुलांपासून ते मेंटेनन्सची पावती द्यायला येणाऱ्या खजिनदारांपर्यंत, एकदा तरी विचारलेलं आहे की मास्तर, हे अर्धवट चित्र का लावलंय.

त्या प्रश्नाचं उत्तर दारात उभ्या उभ्या देता येत नव्हतं. आज जागा मिळाली आहे, तर सविस्तर देतो. चित्र आहे रेम्ब्रांटचं. हा डच चित्रकार 1669 साली गेला, म्हणजे आपल्याकडे रायगडावर राज्याभिषेक झाला त्याच्या पाच वर्षं आधी. जगातल्या सर्वांत मोठ्या चित्रकारांत त्याची गणना होते हे आपण शाळेत ऐकलेलं असतं. पण आपल्यासारख्या फ्लॅटवाल्यांना त्याची एक गोष्ट जास्त जवळची वाटेल. त्यानं ऐपतीच्या बाहेर जाऊन, कर्जावर घर घेतलं होतं. आणि ते घर त्याच्या हातून गेलं.

पिठाच्या गिरणीतला मुलगा

रेम्ब्रांटचा जन्म 15 जुलै 1606 रोजी हॉलंडमधल्या लायडन या गावी झाला. वडील हार्मेन यांची पवनचक्कीवर चालणारी गिरणी होती. आई नेल्ट्ये पाववाल्याची मुलगी. गिरणी ऱ्हाइन नदीजवळ, म्हणून आडनाव फान राइन. भावंडांत हा नववा. म्हणजे खाऊनपिऊन सुखी, पण चित्रकलेशी काडीचा संबंध नसलेलं घर. मुलगा हुशार दिसला म्हणून वडिलांनी लॅटिन शाळेत घातलं, पुढे 1620 साली लायडनच्या विद्यापीठात नावही नोंदवलं. पण पोराचं लक्ष चित्रांत. शेवटी घरच्यांनी हट्ट सोडला आणि त्याला गावातल्याच एका चित्रकाराकडे शिकायला ठेवलं. तिथे तीनेक वर्षं काढल्यावर तो सहा महिने ॲमस्टरडॅमला पीटर लास्टमन या नावाजलेल्या चित्रकाराकडे राहिला आणि परत येऊन लायडनलाच काम करू लागला. जोडीला यान लीव्हन्स नावाचा त्याच्याच वयाचा मित्र.

त्या काळचं हॉलंड म्हणजे व्यापारानं नुकतं श्रीमंत झालेलं राष्ट्र. राजेरजवाड्यांऐवजी इथे व्यापारी, डॉक्टर, कापडवाले, असे लोक चित्रं विकत घेत. प्रत्येकाला भिंतीवर आपली तसबीर हवी असे. 1631च्या सुमारास रेम्ब्रांट ॲमस्टरडॅमला आला आणि हेंड्रिक उलेनबुर्ख या चित्रांच्या व्यापाऱ्याकडे राहून काम करू लागला. 1632 साली त्यानं शहरातल्या डॉक्टरांच्या मंडळाचं मोठं चित्र काढलं. डॉ. टल्प एका मृतदेहाचा हात उघडून स्नायू दाखवत आहेत आणि बाकीचे माना पुढे करून बघत आहेत. तोवर असल्या सामूहिक चित्रांत सगळे आपल्या शाळेच्या ग्रुप फोटोसारखे ओळीनं बसलेले असत. यानं त्यांना एका क्षणात गुंतवून टाकलं. वय वर्षं सव्वीस. कामाचा पूर लागला.

उलेनबुर्खच्याच नात्यातली सास्किया त्याला तिथे भेटली. लीवार्डन गावच्या महापौरांची मुलगी, आईवडील दोघंही वारलेले, पण घरची सुखवस्तू. 1634 साली लग्न झालं. गिरणीवाल्याचा मुलगा आता मोठ्या घरचा जावई झाला होता. पैसा येत होता आणि त्याहून वेगानं जात होता. लिलावात जाऊन बोली लावायची त्याला सवयच होती. चित्रं, जुनी शिरस्त्राणं, भाले, शिंपले, रोमन बादशहांचे पुतळे, परदेशी कापड, दिसेल ते घरी आणायचा. सगळं चित्रांसाठी लागतं, असा त्याचा हिशेब. आपल्यातही असे लोक आहेत, नावं घेत नाही.

तेरा हजार गिल्डरचं घर

1639 साली, तेहतिसाव्या वर्षी, त्यानं ब्रेस्ट्रात या चांगल्या वस्तीतल्या रस्त्यावर मोठं घर घेतलं. किंमत 13,000 गिल्डर. गिल्डर म्हणजे तिकडचं तेव्हाचं नाणं, आणि एक चांगला कारागीर वर्षभर राबून तीनशेच्या आसपास गिल्डर मिळवायचा, यावरून अंदाज करा. पैसे एकरकमी द्यायचे नव्हते. पहिला चौथा हिस्सा सुरुवातीला, बाकीचे पाच-सहा वर्षांत सवडीनं, त्यावर व्याज. कमाई बघता जमण्यासारखं होतं. पण त्यानं हप्त्यांकडे लक्षच दिलं नाही. विकणाराही वर्षानुवर्षं गप्प बसला. व्याज मात्र गप्प बसलं नाही.

घरात आनंदही टिकत नव्हता. 1635, 1638 आणि 1640 साली तीन मुलं झाली आणि तिन्ही काही दिवसांत, आठवड्यांत गेली. 1641 साली चौथा मुलगा टिटस झाला, तो जगला. पण सास्किया त्या बाळंतपणातून सावरली नाही. 14 जून 1642 रोजी ती गेली. वयाची तिशीही पुरी नव्हती. या वर्षांत रेम्ब्रांटनं शाईनं आणि बोरूनं तिची कितीतरी लहान चित्रं काढली आहेत. सास्किया अंथरुणात पडलेली, उशीला टेकून शून्यात बघणारी, पायाशी दाई बसलेली. ती कुणी मागवलेली नव्हती आणि विकण्यासाठीही नव्हती. आजाऱ्याच्या खोलीत बसलेला माणूस वेळ कसा घालवणार? हा चित्र काढायचा.

सास्किया गेली त्याच वर्षी त्याचं सर्वांत प्रसिद्ध चित्र पुरं झालं, ज्याला जग 'नाइट वॉच' म्हणून ओळखतं. शहराच्या पहारा पथकानं ते काढून घेतलं होतं. यातली गंमत सांगतो. त्या पथकातल्या लोकांनी वर्गणी काढून चित्राचे पैसे दिले होते, माणशी साधारण शंभर गिल्डर, आणि चित्रातल्या जागेप्रमाणे कुणाचे कमी, कुणाचे जास्त. म्हणजे वर्गणीवरून आणि फोटोत पुढे कोण, यावरून होणारी कुरबूर काही आपल्या सोसायटीनं शोधून काढलेली नाही! या चित्रामुळे गिऱ्हाईक नाराज झालं आणि तिथून रेम्ब्रांटचा ऱ्हास सुरू झाला, अशी एक कथा पुष्कळ पुस्तकांत आढळते. ती खरी नाही. चित्र मानानं सभागृहात लागलं, पैसे मिळाले. ऱ्हासाचं कारण चित्रात नव्हतं, हिशेबाच्या वहीत होतं.

सास्कियानं मरायच्या नऊ दिवस आधी मृत्युपत्र केलं होतं. तिचा अर्धा वाटा टिटसला. रेम्ब्रांटनं त्याचा उपभोग घ्यायला हरकत नाही, पण पुन्हा लग्न केलं तर तो हक्क संपला. पुढच्या सगळ्या गोष्टीला या एका कलमाची गाठ बसलेली आहे.

एक बाजू जी लपवू नये

थोर माणसाचं चरित्र लिहिताना नको ते गाळायची आपल्याकडे पद्धत आहे. मी शाळेत पस्तीस वर्षं शिकवताना तेच केलं. आता करणार नाही, कारण ते गाळलं तर भिंतीवरच्या चित्राचा अर्थ निम्माच उरतो.

आई गेली तेव्हा टिटस नऊ महिन्यांचा होता. त्याला सांभाळायला गीर्ट्ये डिर्क्स नावाची विधवा बाई घरात आली. तिनं पोराला वाढवलं आणि हळूहळू ती रेम्ब्रांटचीही झाली. त्यानं तिला सास्कियाचे दागिने दिले. तिनं 1648 साली मृत्युपत्र करून ते टिटसच्या नावे ठेवले, इतकी ती त्या पोरात गुंतली होती. मधल्या काळात हेंड्रिक्ये स्टॉफेल्स नावाची तरुण मुलगी घरकामाला आली आणि रेम्ब्रांटचं मन तिच्याकडे वळलं. 1649 साली गीर्ट्येनं घर सोडलं आणि लग्नाचं वचन मोडलं म्हणून त्याच्यावर दावा लावला. लग्न करायला कोर्टानं भाग पाडलं नाही, पण वर्षाला 200 गिल्डर तिला आयुष्यभर द्यावेत असा निकाल दिला. तिनं दागिने गहाण टाकले, तेव्हा रेम्ब्रांट चवताळला. शेजारपाजारच्या लोकांच्या जबान्या गोळा करवून त्यानं 1650 साली तिला गाउडा गावच्या सुधारगृहात कोंडवलं. तिथे बायकांना डांबून सूत कातायला लावत. पाच वर्षं ती तिथे होती. 1655 साली तिच्या मैत्रिणींनी खटपट करून तिला सोडवलं, आणि ती सुटू नये म्हणून यानं विरोध केला. त्यानंतर ती फार दिवस जगली नाही.

ज्या माणसाला म्हाताऱ्या भिकाऱ्याच्या सुरकुतीतही करुणा दिसायची, त्याला आपल्या पोराला वाढवणाऱ्या बाईबद्दल ती वाटली नाही. याचं समर्थन मला करता येत नाही. कलाकार होता म्हणून सोडून द्या, हेही मला पटत नाही. घटना घडली तशी सांगितली, एवढंच.

झोपलेली बाई

आता आपल्या चित्राकडे येऊ. हेंड्रिक्ये ब्रेडेफोर्ट या छावणीच्या गावातल्या एका सार्जंटची मुलगी. रेम्ब्रांटपेक्षा वीस वर्षांनी लहान. तिला लिहिता येत नव्हतं, कागदपत्रांवर ती सहीच्या जागी फुली मारायची. तिच्याशी लग्न केलं तर सास्कियाच्या वाट्याचा हिशेब टिटसला चुकता करावा लागणार, आणि तेवढा पैसा हातात नव्हता. म्हणून लग्न झालं नाही. 1654 साली ती गरोदर असताना चर्चच्या पंचांनी तिला बोलावणं धाडलं. पुन्हा पुन्हा धाडलं. शेवटी ती एकटी जाऊन उभी राहिली. लग्नाशिवाय राहिल्याबद्दल तिला अपमानाच्या शब्दांत दोषी ठरवलं आणि चर्चमधल्या प्रसादाच्या विधीला बंदी घातली. रेम्ब्रांटवर तशी कारवाई झाली नाही. पोट तिचं दिसत होतं ना! त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुलगी झाली, तिचं नाव कोर्नेलिया. सास्कियाच्या गेलेल्या दोन मुलींचंही हेच नाव होतं. ते रेम्ब्रांटच्या आईचं नाव.

भिंतीवरचं चित्र याच काळातलं, 1654च्या सुमाराचं. मूळ कागद लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, वीतभर रुंद आणि त्याहून जरा उंच. चित्रातली बाई हेंड्रिक्येच असावी असं जाणकार मानतात.

मास्तर आहे म्हणून थोडं तंत्राचं सांगतो, कंटाळू नका. हे चित्र बोरूनं नाही, कुंचल्यानं काढलेलं आहे. शाई एकच, तपकिरी. त्या काळी अशी शाई लाकडाच्या धुराच्या काजळीपासून करत, किंवा ओकच्या झाडावरच्या गाठी आणि लोखंडाचा क्षार मिळून करत. शाई एक असली तरी पाण्यानं ती पातळ होते, आणि कुंचला कोरडा होत गेला की रेघ फाटत जाते, मधून कागद दिसतो. बस, एवढ्यावर सगळं चित्र उभं आहे. केसांशी गडद, ओला फटकारा. बाहीवर रुंद, झरझर ओढलेल्या रेघा. मागे पातळ शाईचा एक हात फिरवलेला, त्यातून खोलीतला अंधार कळतो. आणि अंगावरचा झगा? तो बहुतेक रंगवलेलाच नाही. कोरा कागद सोडलेला आहे. आजूबाजूच्या चार रेघांमुळे तोच कागद कापड होतो, आणि कापडाखाली खांदा, कोपर, वळलेले गुडघे जाणवतात.

याला चित्रकलेत छटा म्हणतात, इंग्रजीत टोन. रंग अनेक वापरण्याऐवजी एकाच रंगाच्या गडद-फिक्या पायऱ्यांवर चित्र तोलायचं. यानंतर दोनशे वर्षांनी अमेरिकेत टोनॅलिस्ट म्हणून ओळखले गेलेले चित्रकार झाले. त्यांनी संध्याकाळ, धुकं, घरातला मंद उजेड हाच विषय केला. रेम्ब्रांटच्या या कागदावर ते सगळं आधीच आहे. विद्यार्थ्यांना मी सांगायचो की शाईच्या चित्रात खोडरबर चालत नाही. तैलचित्रात चूक झाकता येते, इथे फटकारा एकदा पडला की पडला. ती जागी व्हायच्या आत चित्र पुरं व्हायला हवं. म्हणून यात दिखावा करायला वेळच नाही. चित्राखाली सहीसुद्धा नाही.

आणि आता मघाचं सगळं आठवा. बाहेर चर्चचं बोलावणं. गीर्ट्ये गाउड्याला कोंडलेली. दारात सावकार. पोटात मूल. या सगळ्याच्या मधोमध एक बाई गाढ झोपली आहे आणि एक माणूस श्वास रोखून तिच्याकडे बघतो आहे. चित्रात काळजीची एक रेघ नाही. पण ती शांतता कशाकशाच्या वर पसरलेली आहे हे माहीत झालं की ती वेगळी दिसायला लागते.

जप्ती

1652 साली इंग्लंडशी युद्ध पेटलं आणि ॲमस्टरडॅमचा व्यापार बसला. इतकी वर्षं गप्प असलेल्या घरविक्याला आता आपले पैसे हवे झाले. 1653 साली व्याज आणि कर धरून बाकी निघाली सुमारे 8,470 गिल्डर. चौदा वर्षं राहूनही अर्ध्याहून जास्त घर उधारीचंच! रेम्ब्रांटनं तीन ठिकाणांहून कर्ज उचललं. 4,180, 4,200 आणि मित्र यान सिक्सकडून 1,000. एकूण 9,380 गिल्डर. तरी घराचं देणं पुरतं फिटलं नाहीच. वर शेजारच्या डॅनिअल पिंटो या तंबाखूच्या व्यापाऱ्याशी घराच्या दुरुस्तीच्या खर्चावरून वाद. हे वाचताना मला आपल्या गच्चीच्या लीकेजवरून झालेल्या सर्वसाधारण सभा आठवल्या.

मे 1656 मध्ये त्यानं घर टिटसच्या नावे करून वाचवायचा प्रयत्न केला. तो फसला. जुलैमध्ये त्यानं दिवाळखोरीचा अर्ज केला. आपल्याकडे त्याच वर्षी शिवाजी महाराजांनी जावळी घेतली होती. सरकारी कारकून ब्रेस्ट्रातवरच्या घरात आले आणि खोली खोली हिंडून त्यांनी यादी केली. एकूण 363 नोंदी. चित्रं, शिंपले, पुतळे, शस्त्रं, आरसे, खुर्च्या, अगदी धुवायला टाकलेले कपडेसुद्धा. पुढच्या दोन वर्षांत सगळ्याचे लिलाव झाले आणि फारच थोडे पैसे आले. घर गेलं 11,218 गिल्डरला, म्हणजे एकोणीस वर्षांपूर्वी घेतलं त्याहूनही कमी किमतीला.

त्या यादीत विविध पोशाखांच्या चित्रांचा एक संग्रहही होता. इथे आपल्या देशाचा संबंध येतो. डच व्यापारी कंपनीच्या वखारी सुरतेला होत्या, कोकणात वेंगुर्ल्यालाही होती. त्या डच वखारीचे अवशेष वेंगुर्ल्याला गेलेल्यांनी पाहिले असतील. या व्यापारी जहाजांतून मसाल्यांबरोबर मुघल दरबारातली लघुचित्रंही ॲमस्टरडॅमला पोचली. 1656 ते 1661 या काळात, म्हणजे ऐन दिवाळखोरीत, रेम्ब्रांटनं त्यांवरून स्वतःच्या हातानं चित्रं काढली. त्यांतली वीसच्या वर आज शिल्लक आहेत. शहाजहान आहे, झाडाखाली बसलेले चार मौलवी आहेत. कागद वापरला तोही पूर्वेकडून आलेला, महागाचा जपानी कागद. लक्ष द्या, रेम्ब्रांट हे काढत होता तेव्हा शहाजहान आग्र्याच्या बाजूला जिवंत होता. इकडे एकाचं घर गेलं, तिकडे दुसऱ्याचं तख्त गेलं. रेम्ब्रांट कधी हॉलंडबाहेर पडला नाही. पण सगळं विकलं जात असताना तो परक्या देशातल्या चित्रकारांकडून रेघ शिकत बसला होता. वय पन्नास उलटलेलं.

भाड्याचं घर

कुटुंब रोझेनग्राख्त नावाच्या कालव्याकाठी साध्या वस्तीत भाड्याच्या घरात राहायला गेलं. भाडं वर्षाला 225 गिल्डर. रेम्ब्रांटनं काही कमावलं की सावकार ओढून नेणार, अशी परिस्थिती. तेव्हा हेंड्रिक्ये आणि टिटस पुढे आले. 15 डिसेंबर 1660 रोजी त्या दोघांनी रीतसर भागीदारी केली. धंदा त्यांचा, चित्रं त्यांच्या मालकीची, आणि रेम्ब्रांट त्यांच्याकडे राहून-जेवून काम करणारा माणूस. म्हणजे जगातला एवढा मोठा चित्रकार कागदोपत्री आपल्या मुलाचा नोकर झाला. आणि सहीच्या जागी फुली मारणारी हेंड्रिक्ये त्या फर्मची भागीदार! जिला पंचांनी नावं ठेवली तिनंच घर सावरलं.

या भाड्याच्या घरात त्यानं जे काढलं ते त्याचं सर्वोत्तम काम मानलं जातं. कापडाच्या तपासनिसांचं समूहचित्र 1662चं, आणि 'ज्यू नवरी' म्हणून ओळखलं जाणारं, एकमेकांच्या हातावर अलगद हात ठेवलेल्या जोडप्याचं चित्र. स्वतःचा चेहराही तो रंगवतच होता. जन्मभरात त्यानं स्वतःची सुमारे ऐंशी चित्रं केली, आणि शेवटच्या चित्रांत सुजलेलं नाक, लोंबणारे गाल, थकलेले डोळे, काही लपवलेलं नाही.

पैशाची ओढ मात्र संपली नाही. 1662 साली त्यानं सास्कियाची कबरीची जागासुद्धा विकली. 1663 साली हेंड्रिक्ये गेली. शहरात तेव्हा प्लेगची साथ होती. 1668 साली टिटसचं लग्न झालं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तोही गेला. सून गरोदर होती. मार्च 1669 मध्ये नात झाली, तिचं नाव टिटिया ठेवलं. 4 ऑक्टोबर 1669 रोजी, त्रेसष्टाव्या वर्षी, रेम्ब्रांट वारला. चर्चमधल्या भाड्याच्या, नाव नसलेल्या कबरीत त्याला पुरलं. हेंड्रिक्येची मुलगी कोर्नेलिया पुढे एका चित्रकाराशी लग्न करून पार बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला गेली. तिनं एका मुलाचं नाव रेम्ब्रांट ठेवलं, दुसऱ्याचं हेंड्रिक. फुली मारणाऱ्या आईचं नाव समुद्रापलीकडे असं टिकलं.

ब्रेस्ट्रातवरचं ते घर आजही उभं आहे. 1911 साली तिथे संग्रहालय उघडलं. आणि गंमत बघा, खोल्या पुन्हा पूर्वीसारख्या मांडताना आधार कशाचा घेतला, तर 1656 सालच्या जप्तीच्या यादीचा. सावकारांच्या कारकुनांनी प्रत्येक वस्तू कुठल्या खोलीत होती ते लिहून ठेवलं होतं ना! जे घर त्याला राखता आलं नाही ते त्याच्याच नावानं राहिलं.

जाता जाता

आता भिंतीवरच्या चित्राचं सांगून संपवतो. आपली सोसायटी उभी राहिली तेव्हा आपण सगळेच कर्जात होतो. मास्तरकीच्या पगारातून हप्ता जायचा, आणि आमची ही रात्री अकरापर्यंत शिलाई मशीन चालवायची. फॉल-पिको, ब्लाऊज, शाळेचे युनिफॉर्म. कितीदा तरी ती मशीनवरच हातावर डोकं टेकून झोपलेली असायची. मी वह्या तपासत समोर बसलेला. हातात पेन, समोर कागद, आणि चित्रकलेचा मास्तर. एकदाही तिचं चित्र काढलं नाही. तेव्हा मला वाटायचं, आधी हप्ते फिटू देत, मग निवांत काढू.

हप्ते फिटून बारा वर्षं झाली. हिची दृष्टी आता अधू झाली आहे, मशीन माळ्यावर आहे. हा लेख तिला वाचून दाखवला. गीर्ट्येचं ऐकून ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली की त्या मशीनखालच्या खणात तिची दोऱ्याची रिळं अजून असतील, तेवढी काढून द्या. मी काढून दिली. ती रिळांवर हात फिरवत खिडकीशी बसली होती आणि दुपारी तिथेच तिचा डोळा लागला. मी टेबलावरची शाईची दौत उघडली. बाविसाव्या वर्षानंतर इतकी घाई कधी केली नव्हती. चित्र फार काही चांगलं झालं नाही, हात पूर्वीसारखा राहिला नाही. पण खांदा तिचाच आला आहे.

रेम्ब्रांटच्या शेजारी खिळा ठोकायला जागा आहे. ठोकाठोकी दुपारी दोन ते चारमध्ये करायची नाही हा आपल्या सोसायटीचा नियम मला पाठ आहे, तेव्हा सकाळीच उरकीन. सर्व सभासदांना आणि त्यांच्या घरच्यांना रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा. कधीही या, चित्र बघायला. दोन्ही.